शेवटच्या सूचनेवर

हिशेब विभागात नव्याने रुजू झालेल्या बाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत बसला होता, म्हणजे डोळे तिकडे होते एवढंच. ‘सगळ्यांचं चालतंय हो, माझंच तेवढं चालत नाही,’ बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार कमी आणि संकोच जास्त. नव्या जागी आल्या आल्या कुरकुर सुरू केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून हातात रिकामी बाटली, जणू पाणी भरायला जाता जाता सहज डोकावल्या. त्याने नेहमीचा पाढा वाचला. फोन बंद करून चालू करा. केला होता. नेटवर्क काढून टाका आणि पुन्हा जोडा. तेही शेजारच्या टेबलवालीने करून दिलं होतं. ‘बघतो,’ तो म्हणाला. या इमारतीत वायफाय सांभाळणाऱ्या माणसाला बघतो म्हणण्याचाच पगार मिळतो असं तारवाला म्हणायचा. तारवाला म्हणजे त्याचा जोडीदार, शिडी खांद्यावर टाकून छतातून तारा ओढणारा. बाई मात्र हलल्या नाहीत. ‘नाही म्हणजे, घाई नाहीये,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुमच्या त्या चित्रातलं घड्याळ बंद पडलंय का?’ आणि बाटली भरायला निघून गेल्या.

त्याने पाहिलं. चित्र म्हणजे इमारतीचा नकाशा, मजल्यावर मजला, आणि प्रत्येक मजल्यावर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे छताला लावलेली, वायफाय पसरवणारी एकेक पांढरी ताटली. कागदावर तिला ॲक्सेस पॉइंट म्हणत असतील, पण तारवाल्याने पहिल्या दिवशी ताटली म्हटलं आणि तेव्हापासून साहेबसुद्धा ताटलीच म्हणायचे. या सगळ्या ताटल्यांना काय करायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे सांगणारा एक डबा खालच्या थंडगार खोलीत होता, तो कंट्रोलर. नकाशा हिरवागार होता. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र मागच्या आठवड्यात थांबलं होतं. त्याने कंट्रोलरचं पान उघडायला घेतलं, ते उघडलं नाही. पुन्हा घेतलं. खाली जाऊन पाहिलं तर डबा गार, एकही दिवा लागलेला नाही, आणि त्यावर बोटाने नाव काढता येईल एवढी धूळ. डबा मरून आठवडा झाला होता आणि हा रोज सकाळी येऊन त्याच्या जुन्या फोटोकडे बघून, सगळं ठीक आहे, असं साहेबांना कळवत होता. धोक्याचे मेल आले असणारच. त्यांची कटकट नको म्हणून ते आपोआप एका बाजूच्या कप्प्यात जातील अशी सोय त्यानेच केली होती, आणि तो कप्पा उघडल्याला बरेच महिने झाले होते.

एरवी एखाद्याचं धाबं दणाणलं असतं. त्याला काही झालं नाही. तो त्या थंड खोलीत स्टुलावर बसून राहिला आणि पंख्यांचा आवाज ऐकत राहिला. आठवडाभर कुणाला काही कळलं नाही, यातही नवल नव्हतं. कंट्रोलर गेला तर काय करायचं, हे ताटल्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं आणि ते सांगणारा तोच होता. मागे कधीतरी, घरी सगळं धड असताना, त्याने दोन मिनिटंही विचार न करता पर्याय निवडला होता: वरून काही कळलं नाही तर शेवटच्या सूचनेवर चालू राहा. ओळखीच्यांना ओळख ठेवून आत घ्या. अनोळख्याला घेऊ नका. साहेबांना समजावताना तो म्हणाला होता, ‘म्हणजे असलेल्यांचं अडणार नाही,’ आणि साहेबांना ते फार पटलं होतं. असलेल्यांचं अडलं नाहीच. ते आठवडाभर सिनेमे बघत होते, मीटिंगा घेत होते, मुलांच्या फिया भरत होते. अडलं फक्त त्या बाईंचं, कारण त्या डबा मेल्यावर आल्या. सगळ्यांचं चालतंय, माझंच चालत नाही. हे वाक्य त्याने याआधीही ऐकलं होतं, अगदी हेच, इतक्यात कुठेतरी. आणि कुठे, ते आठवायला त्याला वेळ लागला, कारण हल्ली ऐकलेलं आत पोचायला वेळच लागे.

टिल्ली म्हणाली होती. टिल्ली म्हणजे त्याची लेक. आता आईच्याही वर गेली होती उंचीने, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आईने टिल्ली ठेवलं ते चिकटलं. मावशीने तिला नवा फोन दिला, जुन्याची काच तडकली होती म्हणून, आणि ती म्हणाली होती, बाबा, घरात सगळ्यांचं चालतं, माझाच फोन लागत नाही. सगळ्यांचं म्हणजे त्याचं आणि स्वयंपाकघरातल्या त्या बोलणाऱ्या डबीचं. घरात तिसरं होतं कोण? तो म्हणाला होता, बघतो. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. मग म्हणायची थांबली आणि जिन्यात जाऊन बसायला लागली, खालच्या मास्तरांच्या दाराशी, कारण मास्तरांचं वायफाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं. तो कामावरून येताना तिला ओलांडून वर जायचा. ती पाय बाजूला घ्यायची, तो जायचा. ‘आलास?’ ती विचारायची. ‘हं.’ वायफायवाल्याची पोर शेजाऱ्याच्या पायरीवर बसून फुकटचं वायफाय चोखतेय, याची गंमत मास्तरांना फार वाटायची. त्यांनी ती एकदा बोलूनही दाखवली होती. तो हसला होता. हसायची जागा होती म्हणून.

घरातली ताटली इथलीच होती. एका मजल्याच्या ताटल्या बदलल्या तेव्हा जुन्यातली एक साहेबांना विचारून त्याने घरी नेली, बैठकीच्या छताला लावली आणि इथल्याच कंट्रोलरला जोडली, म्हणजे कामावर बसल्या बसल्या घरचंही बघता येईल. नकाशाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, इमारतीच्या बाहेर, एक एकटा ठिपका होता तो त्याच्या घराचा. ‘लोकांचे नवरे ऑफिसातून पेनं ढापून आणतात, आमच्याने ताटली आणली,’ बायको म्हणाली होती. शिडीखाली उभी राहून स्क्रू हातात देत होती आणि वर बघून म्हणत होती, ‘लोकांकडे झुंबर असतं. आमच्याकडे हे. त्यातच जेवायला घे म्हणजे झालं.’ तिचं बोलणं असं अखंड चालायचं, नळ उघडा राहिल्यासारखं, आणि तो मधे मधे हं म्हणायचा. त्या हंला तेव्हा अर्थ होता. तिला कळायचं कुठला हं ऐकून आहे आणि कुठला नुसता. नुसता असला की ती म्हणायची, ‘काय म्हणाले मी?’ आणि तो पकडला जायचा. आता पकडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सगळेच हं खपून जात होते.

आजारी पडायच्या आधी, म्हणजे आजार कळायच्या आधी, तिने एक बोलणारी डबी आणली होती. स्पीकर. स्वयंपाकघराच्या फळीवर डाळीच्या बरणीशेजारी ठेवला. तिला दम लागायला लागला होता, वर-खाली हाका मारणं जमेना, तर हिने काय करावं, सगळ्या हाका त्या डबीत भरून ठेवल्या. कुठल्या वेळेला काय बोलायचं ते तिच्या खात्यात लिहून टाकलं आणि डबी ते बरोबर त्या त्या वेळेला बोलायची, एका अनोळखी बाईच्या आवाजात, सपाट, सगळ्या शब्दांवर सारखाच जोर. दूध बघा, उतू जाईल. टिल्ली, वेणी घालून घे. पाण्याची मोटर लावा. मोटर बंद करा, टाकी भरली. डबा घेतला का. चादरी बदला. शब्द हिचे, आवाज भलत्याच बाईचा. हिला तेव्हा हसू आवरायचं नाही. म्हणायची, ‘माझी सवत बघा किती शहाणी, एकदाही चिडत नाही.’ मग ती गेली. चादरी, दूध, मोटर, सगळं राहिलं. दवाखान्यातून परत आले त्या दिवशी घरात पाहुणे मावत नव्हते, कुणाचं तरी रडणं चाललं होतं, आणि फळीवरून आवाज आला, मोटर बंद करा, टाकी भरली. तो उठला आणि जाऊन मोटर बंद करून आला. टाकी खरंच भरली होती. तेव्हापासून घर असं चाललं होतं. दोघं उठायची, डबी सांगेल ते करायची, दूध कधी उतू गेलं नाही, डबा कधी राहिला नाही, चादरी वेळच्या वेळी. नातेवाईक म्हणायचे, सावरलंत हो तुम्ही, अगदी घडी बसवलीत. मेव्हणी, टिल्लीची मावशी, तेवढी म्हणायची नाही. ती यायची, फळीकडे बघायची आणि म्हणायची, ‘भाऊजी, हे किती दिवस?’ तो म्हणायचा, ‘काय?’

आणि आज सकाळी. सकाळ त्याला आता, त्या स्टुलावर बसून, तुकड्यातुकड्याने आठवायला लागली. टिल्ली त्याच्यासमोर उभी होती. चहाचा कप त्याच्या हातात होता. डबी म्हणाली, टिल्ली, वेणी घालून घे. टिल्लीने फळीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर काहीतरी आलं. मग ती म्हणाली, बाबा, मावशी संध्याकाळी गाडी घेऊन येतेय. मी तिच्याकडे राहायला जाऊ? म्हणजे आता तिकडेच. कॉलेजही तिथून जवळ आहे. जाऊ ना? आणि तो म्हणाला होता, हं. कप कानाला धरायचा की तळाला, एवढाच विचार तेव्हा त्याच्या डोक्यात होता, कारण कप पोळत होता. ती थोडी थांबली होती. बहुतेक, काय म्हणाले मी, असं विचारेल असं वाटून तो जरा सावध झाला होता. तिने विचारलं नाही. आत गेली. मागून तिची मान दिसली, उघडी, कापलेल्या केसांखाली. केस तिने कापून टाकले होते. कधी? वेणी घालायला केस नव्हते तिला, आणि रोज सकाळी तो ते वाक्य ऐकत होता आणि ती मान बघत होता.

डबा दुरुस्त होणारा नव्हता. नवा कंट्रोलर कपाटात खोक्यातच पडून होता, कधीचा. तो बसवायचं त्याने टाळत आणलं होतं आणि टाळण्याला दर वेळी काहीतरी चांगलं कारण होतं. खरं कारण एकच होतं. नव्याला जुने लहान पासवर्ड चालत नाहीत, सगळे नवे, लांब द्यावे लागतात. घरच्या ताटलीचाही. ताटलीचा पासवर्ड बदलला की घरच्या सगळ्या यंत्रांना तो नव्याने सांगावा लागणार, आणि डबीला तो सांगायचा तर बायकोचं खातं उघडावं लागतं. खात्याची किल्ली तिने कुणाला दिली नव्हती. द्यायची वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं? दवाखान्यात एकदा तिने विचारलं होतं, ‘घरी सगळं चालू आहे ना?’ हा म्हणाला होता, चालू आहे, तू नको काळजी करू. तेवढ्यावर विषय संपला. म्हणजे नवा डबा बसवला की ती डबी मुकी. त्यात भरलेल्या हाका तशाच राहणार कुठेतरी, कधी कुणाला ऐकू न येणाऱ्या. आणि नाही बसवला तर टिल्लीचा फोन जिन्यातच. फोन तरी आता कुठला जिन्यात, संध्याकाळी तोही मावशीच्या घरी.

तो वर साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खिडकीतून, काचेपलीकडे, रांगेने बसून काम करणाऱ्या माणसांकडे बघितलं. ‘चालतंय की सगळं,’ ते म्हणाले. ‘एका बाईंचा प्रश्न ना? त्यांना तार लावून द्या तात्पुरती. सुट्टीच्या दिवशी या आरामात आणि बदला. भर दुपारी सगळ्यांचं पाडायचं म्हणजे लोक मला फाडून खातील.’ अगदी रास्त होतं. एरवी हेच त्याने स्वतः सुचवलं असतं. ‘चालत नाहीये, साहेब,’ तो म्हणाला. ‘चालल्यासारखं दिसतंय.’ साहेबांनी मान वर केली, कारण हा माणूस वर्षभरात बघतो आणि हं यांच्या पलीकडे गेला नव्हता. ‘सुट्टीपर्यंत थांबता येणार नाही मला. आजच करतो.’ आवाज त्याचाच होता, पण थोडा बाजूला उभं राहून बोलल्यासारखा. साहेब काय म्हणाले ते त्याला नीट आठवत नाही. नाही म्हणाले नाहीत.

खोकं फोडलं, डबा कप्प्यात बसवला, भिंतीवरचा नकाशा त्याला जोडला, तारवाल्याने तारा हलवल्या. ‘सुतक फिटलं वाटतं याचं,’ तारवाला जुन्या डब्याला म्हणाला आणि जीभ चावली. एकेक करून पासवर्ड टाकत तो शेवटच्या ओळीपाशी आला. घर. तिथे हात थांबला. फोन काढला आणि लेकीला लावला.

‘बाबा? काय झालं?’ तिचा आवाज आधीच घाबरलेला. बापाचा दिवसाढवळ्या फोन येतो तो काय सांगायला येतो, हे तिला एकदा कळलं होतं.

‘काही नाही. घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायचाय. काय ठेवू?’

‘मला काय विचारतोस? मी चाललेय संध्याकाळी.’

‘ते मी ऐकलं नव्हतं.’

‘तू हं म्हणालास.’

‘म्हणालो. ऐकलं नव्हतं.’

तिने श्वास सोडलेला ऐकू आला. तो पुढे बोलला, कारण थांबला असता तर पुन्हा बोलणं झालं नसतं. ‘ती डबी बंद पडेल. स्वयंपाकघरातली. तिला नवा पासवर्ड सांगता येणार नाही. आईचं खातं उघडत नाही आपल्याला.’

‘म्हणजे ती बोलणार नाही?’

‘नाही.’

‘कधीच?’

‘कधीच.’

‘वेणीचंसुद्धा?’

‘वेणीचंसुद्धा. तुझे केस... बरे दिसतात. आज पाहिले.’

‘महिना झाला असेल बाबा,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं की दुसरं काही, ते त्याला लागेना. मग ती म्हणाली, ‘लांबलचक पाहिजे ना? मला आत घ्या, असं ठेव. सगळं जोडून.’ आणि फोन ठेवला.

त्याने तसंच टाकलं, अक्षरशः. मग सगळ्या ताटल्यांना जुन्या डब्यावरून नव्यावर जायला सांगितलं. भिंतीवरचा नकाशा एका मजल्यामागून एक असा लाल होत गेला. आठवडाभर ज्याला ज्याला काही कळलं नव्हतं त्याला आता कळलं. खुर्च्या सरकल्या, दारं उघडली, लोक हातात फोन घेऊन व्हरांड्यात आले आणि विझलेल्या ताटल्यांकडे माना वर करून बघायला लागले. कुणी म्हणालं, मीटिंग तुटली. कुणी म्हणालं, हा माणूस झोपा काढतो का. तो मधोमध उभा होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला ते बघणं अंगाला लागत होतं, थोडंसं. ठिपके परत हिरवे व्हायला लागले. नव्या बाई लांबून फोन उंचावून दाखवत होत्या, लागला, लागला. कोपऱ्यातला घराचा ठिपका सगळ्यात शेवटी हिरवा झाला. त्याच्याशेजारी, किती फोन जोडलेत त्याचा आकडा, शून्य. तो बघत बसला. शून्याचा एक झाला नाही. घरात जोडून घेणारं कुणी होतं की निघूनही गेलं होतं, ते ठिपका सांगत नाही.

ती जिन्यात नव्हती. घराचं दार उघडं होतं आणि बैठकीत तिची बॅग भरून उभी होती. टिल्ली स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. फळीवर डबीचा दिवा नारिंगी झाला होता आणि मंद उघडझाप करत होता. काहीतरी शोधत असावी. तिने चहा ठेवला, त्याने कप काढले. दोघांनी चहा घेतला. मधे मधे दोघंही फळीकडे बघत होती, कुणीतरी आता बोलेल म्हणून, आणि कुणी बोलत नव्हतं. कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत होता. मग खालून मास्तरांची हाक आली, ‘अहो वायफायवाले, तुमची टाकी वाहतेय! गच्चीचं तळं केलंत तुम्ही!’

तो तसाच चपला न घालता गच्चीवर धावला आणि टिल्ली त्याच्यामागे. टाकीच्या काठावरून पाणी चारी बाजूंनी ओसंडत होतं, दोरीवरच्या चादरींची टोकं त्यात भिजत होती, आणि पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं. गार होतं. इतकं गार की त्याला क्षणभर काही सुचलंच नाही. पाय आपलेच आहेत आणि ते गारठतायत, एवढंच कळत होतं. ‘एवढ्या दिवसांत कधी नाही ते आज कसं विसरलात?’ जिन्यातून मास्तर विचारत होते.

‘कुणी सांगितलंच नाही,’ तो म्हणाला. मास्तरांना नाही, टाकीला.

‘लावा म्हणाली तेव्हा लावली मी. बंद करा म्हणून कोण सांगणार?’ टिल्ली म्हणाली.

‘तेच. ती गेली ना,’ तो म्हणाला. ‘ती नाही आता.’ हे सगळ्यांनी म्हणून झालं होतं, पाहुण्यांनी, डॉक्टरांनी, मेव्हणीने. त्याने म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर छातीत दुखायला लागलं, चांगलंच दुखायला लागलं, आणि ते दुखणं कुठे ठेवावं ते न कळून तो पाण्यात उभा राहिला. खाली रस्त्यावर गाडी थांबली आणि हॉर्न वाजला. मावशी.

‘जाऊ नकोस,’ तो म्हणाला.

टिल्ली त्याच्याकडे बघत होती. केस कापल्यावर तिचा चेहरा उघडा पडला होता, आईसारखा. ‘हं,’ ती म्हणाली.

‘नुसतं हं नको. नीट सांग. काय म्हणालो मी?’

ती कठड्यापाशी गेली, खाली वाकून मावशीला हात केला, वर ये म्हणून, आणि तशीच पाठमोरी उभी राहिली. ‘ऐकलंय,’ ती म्हणाली. ‘मावशीला सांगू, आज नाही जमत. उद्याचं उद्या बघू.’ मग मनगटाने डोळे पुसून वळली आणि त्याच्या पायांकडे बघून म्हणाली, ‘अरे, आणि मोटर अजून चालूच आहे, बाबा. आधी मोटर बंद कर.’

तो ओल्या पायांनी जिना उतरून मोटर बंद करायला गेला.